आवाजाचा रकाना

चेतनला मी बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातला सगळ्यात शहाणा मूर्ख म्हणतो. तोंडावर म्हणतो, पाठीमागे नाही. माझं झेरॉक्सचं दुकान आणि त्याचं वेबसाइटचं ऑफिस यांच्यात प्लायवूडची एकच भिंत आहे, त्यामुळे त्याचं सगळं मला ऐकू येतं. पल्लवीलाही मी पाहण्याआधी ऐकलं ते असंच.

पल्लवी त्याची बायको, देडतलाई गावची. नवीन लग्न होतं, तेव्हा चेतननं केळीच्या व्यापाऱ्यांसाठी रोजचा भाव दाखवणारी साइट केली. शेतकरी म्हणाले, एवढं बारीक अक्षर कोण वाचत बसणार? मग त्यानं एक बटण ठेवलं. दाबलं की ते भाव बोलून सांगायचं, पल्लवीच्या आवाजात. आता मराठी आकड्यांची खोड अशी, की तीस आणि दोन जोडून बत्तीस होत नाही. नव्याण्णवपर्यंतचा प्रत्येक आकडा वेगळा म्हणावा लागतो. ती भिंतीपलीकडे दुपारभर आकडे म्हणत बसली आणि एकोणऐंशीपाशी अडकली. एकोणसत्तर, एकोणनव्वद, सगळं म्हणून झालं, पण हवा तो आकडा काही तोंडात येईना. शेवटी वैतागून हिंदीत "उन्यासी!" म्हणाली आणि हसत सुटली. चेतननं तेच ठेवलं, मागे राहिलेल्या हसण्यासकट. बुऱ्हाणपुरात कोणाला खटकणार? आपलं निम्मं बोलणं तसंच असतं.

पुढे तिला कावीळ झाली. आधी दुर्लक्ष झालं, मग धावपळ झाली, आणि ती गेली. मूलबाळ नव्हतं. चेतन ऑफिसात येत राहिला, जेवला का विचारलं की हो म्हणत राहिला. बटण मात्र आधीसारखंच बोलत होतं.

देडतलाईला पल्लवीची आई असते, मालूबाई. शेतात कापूस, केळीचं एक खोडसुद्धा नाही. तरी रोज सकाळी चहा ठेवला की त्या फोनवर ते बटण दाबायच्या. मग चेतनला फोन करायच्या, "आज तेराशे चाळीस म्हणे पल्लवी." जसा काही त्याला भाव माहीतच नव्हता! मला हे बरं वाटेना. एकदा चिडून म्हणालो, "अरे, त्या बाईला यातून बाहेर काढ."

तो म्हणाला, "सुधाकरभाऊ, फोटोत ती बस वही की वही. इथं रोज काहीतरी नवं बोलते ना."

मी परत माझ्या झेरॉक्सकडे वळलो.

मग इंदूरची एक कंपनी आली. तिला अख्खी साइट नको होती, फक्त बोलतं बटण हवं होतं. कापसाच्या, कांद्याच्या, बसगाड्यांच्या, कुठल्याही साइटवर नेऊन बसवता येईल असं. अशा सुट्या तुकड्याला हे लोक कॉम्पोनंट म्हणतात. मी म्हटलं, मग उचल आणि देऊन टाक.

"ऐसे नहीं होता, भाऊ. आधी त्यातून आपलं जे जे आहे ते काढावं लागतं. केळी काढायची, क्विंटल काढायचं, बुऱ्हाणपूर काढायचं. त्या जागी रिकामे रकाने ठेवायचे. ज्याला जे पाहिजे ते त्यानं भरायचं."

"आणि पल्लवी?"

"आवाजाचाही रकाना. पण तिच्या फायली ठेवल्यात मी जपून. आपल्या साइटवर तीच बोलणार."

महिनाभर राबला. काम देखणं झालं. कोणी रकाना रिकामाच ठेवला तर बोलायला कंपनीनं स्वतःची एक बाई दिली होती, एकदम स्वच्छ, शुद्ध आवाजाची. चेतननं ते बटण एकेका नव्या साइटवर बसवलं, सगळीकडे आवाजाचा रकाना ज्याच्या त्याच्या आवाजानं आठवणीनं भरला. शेवटी आपल्या केळीच्या साइटवरचं जुनं बटण काढून नवं बसवलं, आणि नेमका तिथलाच रकाना भरायचा राहिला. इथं कोण बोलतं, हे त्याला कधी लिहावंच लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडे फोन वाजला. स्पीकरवर मालूबाई होत्या.

"जवाईबापू, पल्लवीले काय झालं? आज दुसरीच कोणी बोलली."

मी धावत गेलो. चेतन पांढराफटक पडला होता. "आई, चूक झाली माझी. आत्ता ठीक करतो," म्हणाला आणि खरंच केलं. एका ओळीचं काम होतं. पण त्याला चैन पडेना. "चला ना भाऊ सोबत," म्हणाला. दुकानाचं शटर ओढलं आणि आम्ही देडतलाईची बस धरली.

मालूबाई ओट्यावर बसल्या होत्या. चेतननं त्यांचाच फोन घेऊन बटण दाबलं. नशीब बघा, त्या दिवशीचा भाव नेमका तोच होता. "बाराशे उन्यासी," पल्लवी म्हणाली, आणि मागचं ते हसूही आलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मालूबाई हलल्या नाहीत.

"आली ना आई परत?"

"आवाज तिचाच आहे."

"मग?"

"सकाळी त्या बाईनं बी हेच सांगितलं. तोच भाव. बरोबर एकोणऐंशी म्हणे ती." त्यांनी फोन पदरानं पुसला आणि बाजूला ठेवला. "मले वाटे माही पोरगी बोलते. बोलते तर हे बटण, जवाईबापू. कोणाच्याही गळ्यानं बोलते."

महिनाभर चेतन त्यासाठीच तर राबला होता. तो खाली मान घालून बसला. त्यांनी आम्हाला चहा केला, लेकीचा विषय पुन्हा काढला नाही.

अजूनही सकाळी मी दुकान उघडलं की पलीकडून पल्लवी भाव सांगते. आता बटण चेतन दाबतो. दाबतो, ऐकतो आणि फोन समोर ठेवून देडतलाईची वाट बघतो. तिकडून फोन येत नाही.