मारुतीच्या पायाशी राहिलेले फॉर्म

शाहूपुरीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पण लोक माझ्याकडे झेरॉक्सपेक्षा फॉर्म भरून घ्यायलाच जास्त येतात. रेशनकार्ड, पेन्शन, शाळेचे दाखले. अक्षर बरं आहे आणि रकाने चुकत नाहीत, एवढंच माझं भांडवल. "ह्यांच्याकडं कागद दिला की काळजी न्हाय," असं आमच्या गल्लीत म्हणतात. गेली सहा वर्षं हे वाक्य कानावर आलं की मी खाली बघून स्टेपलरशी काहीतरी खटपट करत बसतो.

एका माणसानं विश्वासानं दिलेला कागद मी पोचवला नव्हता. आणि पोचवला म्हणून त्याला सांगितलं होतं. हे मी बायकोलासुद्धा कधी बोललो नाही.

आमच्या तालमीचा फुटबॉल संघ आहे. बाहेरच्या माणसाला तालीम म्हटलं की कुस्ती आठवते, पण आमच्या मातीत आता फारसं कुणी उतरत नाही. फुटबॉलसाठी मात्र अख्खी गल्ली वेडी होते. मी संघाचा चिटणीस. नोंदणी, ओळखपत्रं, जर्सीचे नंबर, सगळं माझ्याकडं. खेळणारी पोरं पोटासाठी दुसरंच काहीतरी करतात. कुणी गॅरेजात, कुणी दूध संकलनावर, एकजण फर्निचरचं पॉलिश करतो.

आमचा गोलकीपर चांदीचा कारागीर होता. वाढला आमच्याच गल्लीत, माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान. लग्न झाल्यावर हुपरीला सासऱ्यांच्या घरी पैंजणं करायला बसला. पहाटे मोटारसायकलवरून सरावाला यायचा आणि नऊच्या आत परत जाऊन कड्या जोडायला बसायचा. कडी चिमट्यात धरायची, बारीक ज्योतीवर झाळून जोडायची, पुढची धरायची. दिवसभर हेच. सरावाच्या वेळी त्याच्या बोटांना झळीचे काळे डाग असायचे. "दादा, ह्या हातांस्नी सुट्टीच न्हाय बघा," म्हणायचा. "सकाळी बॉल, दुपारी चांदी."

त्या वर्षी उपांत्य सामन्याच्या आठवड्यात एक विमा प्रतिनिधी दुकानात आला. माझं ऐकून तो तालमीतही आला. वैयक्तिक अपघात विमा, सगळ्या संघाचा मिळून. त्याचं बोलणं सरळ होतं. "दवाखान्याच्या विम्यात दवाखान्याचं बिल भागतं," तो म्हणाला. "पण पाय मोडून तीन महिने घरी बसलासा, तर त्या तीन महिन्यांचं काय? आणि बोट, डोळा, कायमचं काही गेलं तर? हा विमा त्याच्यासाठी. तुम्ही हौशी खेळाडू, खेळताना झालेलं ह्यात धरतात. फक्त खेळता हे फॉर्मात लपवू नका." हप्ता मंडळाच्या फंडातून द्यायचं ठरलं. गुरुवारी कागद दिले तर शनिवारपासून विमा सुरू, शुक्रवारी दिले तर रविवारपासून, असं त्यानं दोनदा सांगितलं. मॅच रविवारी होती.

फॉर्मच्या मागच्या बाजूला तक्ता होता. कुठला अवयव निकामी झाला तर रकमेचा किती भाग. पोरांनी तो धरून नुसता दंगा केला.

"आयला, कानाला बी भाव हाय!"

"तुझं डोकं हाय का बघ त्यात."

"रिकाम्या भांड्याचं काय देत्यात, पावणं?"

गोलकीपरनं मात्र तक्ता शांतपणे वाचला. बोटांची ओळ आली तिथं थांबला. मग सही केली, वारस म्हणून बायकोचं नाव घातलं आणि फॉर्म माझ्याकडं दिला. "दादा, ह्ये तेवढं वेळेत जाऊ दे."

तेवढ्यात आमचे म्हातारे वस्ताद उखडले. "मॅचच्या आठवड्यात हात मोडायचं, पाय मोडायचं वाचायचं आसतं व्हय? तोंड दुसरं न्हाय का तुमास्नी?" आमच्याकडं नवी जर्सी आधी तालमीतल्या मारुतीच्या पायाशी ठेवतात आणि मगच अंगात घालतात. वस्ताद म्हणाले, "ह्ये कागद बी आधी देवापुढं ठेवा. मॅच हू दे. सोमवारी काय द्यायचं ते द्या."

इथवरची गोष्ट मी मनात हजार वेळा सांगितली आहे, आणि दर वेळी वस्तादांपाशी थांबलो आहे. त्यांचा मान, तालमीची रीत, मी काय करणार? पण खरं ते असं नाही. वस्ताद मुळात रागीट आणि विसराळू. मी शुक्रवारी गुपचूप फॉर्म उचलून नेले असते तर त्यांना पत्ताही लागला नसता. सोमवारपर्यंत थांबण्याचा अर्थ काय, हे त्या खोलीत नीट समजलेला माणूस एकटा मी होतो. गठ्ठा जर्सींशेजारी मीच ठेवला होता. गुरुवारी मी जर्सी उचलल्या. फॉर्मांचा गठ्ठा, वर टाचलेल्या चेकसकट, तिथंच राहू दिला. शुक्रवारी झेंड्यांच्या कापडासाठी फिरलो. शनिवारी नमस्काराला वाकलो तेव्हा गठ्ठा दिसला, सगळ्यात वरच्या, गोलकीपरच्या फॉर्मवर शेंदराचं तेल उतरलं होतं. मी मनात म्हटलं, एका मॅचनं काय होतंय. आणि दुसरंही एक होतं, तेही सांगून टाकतो. आपण हे कागद उचलले आणि उद्या हरलो तर गल्ली माझ्या नावानं शंख करेल, ही भीती.

रविवारी दुसऱ्या हाफात आमच्या गोलकीपरनं समोरच्या खेळाडूच्या पायात झेप घेतली. बॉल धरला. पळत येणाऱ्याचा खिळ्यांचा बूट त्याच्या उजव्या पंजावर पडला. त्यात कुणाचा दोष नव्हता. प्रेक्षक टाळ्या वाजवत होते, कारण गोल वाचला होता. तो गुडघ्यावर बसून हाताकडं बघत होता.

ती मॅच आम्ही जिंकलो.

ऑपरेशनला लोकांनी हात सैल सोडला, ते नाकारता येत नाही. पण पट्टी निघाल्यावर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलीच राहिली आणि अंगठ्यात जोर येईना. चिमटा हातात ठरेना. ऑपरेशनला पैसे देणारी गल्ली पाचव्या महिन्यात कशाला विचारायला जाईल? तोवर फायनलही हरून झाली होती.

पहिल्याच आठवड्यात, दवाखान्यात, त्यानं मला विचारलं होतं, "दादा, ते फॉर्म दिलासा न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

तो शब्द तोंडातून कसा गेला मला खरंच माहीत नाही. त्याची बायको उशाशी उभी होती आणि 'व्हय' ऐकून तिचा चेहरा सैल पडला. त्यानंतर मला मागं येता आलं नाही. मी तालमीत जाऊन गठ्ठा उचलला, चेक फाडला, बाकीचे फॉर्म जाळले. त्याचा मात्र जाळवला नाही. तो दुकानात जुन्या रजिस्टरांखाली ठेवला. महिन्यानं त्यानं परत विचारलं तेव्हा म्हणालो, "कंपनीनं नामंजूर केलं. खेळातलं धरत न्हाईत म्हणं."

त्यानं वाद घातला नाही, कागद मागितला नाही. "म्हाईतच हुतं," एवढंच म्हणाला. कंपनीवरचा राग लोकांच्या मनात आधीच तयार असतो. माझं खोटं त्यात अलगद जाऊन बसलं. तो विमा प्रतिनिधी रस्त्यात भेटला की गोलकीपर तोंड फिरवायचा, आणि त्या बापड्याला का ते कळायचं नाही.

सहा वर्षं गेली. हुपरीत त्याची बायको कड्या जोडायला बसते. तो डाव्या हातानं माल वजन करतो आणि पिशव्यांत भरतो. यंदा तालमीनं त्याला नव्या गोलकीपरांना शिकवायला बोलावलं, पोरं त्याला सर म्हणू लागली. मी हंगामापूर्वी पुन्हा विम्याचे फॉर्म आणले. वाटलं, एवढं तरी करू. पोरांनी बघितलेसुद्धा नाहीत.

"नको दादा. सरांचं बघितलंय की."

"हप्ता घेताना गोड, देताना न्हाय."

तो गोलच्या मागं उभा होता. तिथनं मोठ्यानं म्हणाला, "कागदाच्या नादाला लागू नकासा रे! ह्यो बघा माझा विमा." आणि उजवा पंजा वर केला. पोरं हसली नाहीत. एकानं आदरानं मान हलवली.

एका माणसाचा हक्क मी घालवला होता. आता त्याच्याच तोंडून, त्याच्याच हाताच्या साक्षीनं, वीस जणांचा घालवत होतो. पुढच्या रविवारी पहिली मॅच होती. ही पोरं दोन वेळचं हातापायांवर कमावणारी. उद्या ह्यातल्या कुणाचं काही झालं तर? आणि मी बोललो, तर मला ह्या गल्लीत उभं राहता येईल का? तीन दिवस मी दुकानात गिऱ्हाइकांचे रकाने चुकवत बसलो. एका बाईच्या फॉर्मवर तिच्या नावाच्या जागी मी गोलकीपरचं नाव लिहिलं.

चौथ्या दिवशी दुपारी रजिस्टरांखालचा कागद घेऊन हुपरीची एसटी धरली.

घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं काम. ती ज्योतीपुढं बसली होती, तो तराजूपाशी. "या की भावजी, आज वाट चुकलासा?" ती म्हणाली. "चहा टाकू?"

"नको," म्हणालो आणि फॉर्म त्याच्यापुढं ठेवला. मग उभ्याउभ्याच सांगितलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. दवाखान्यातलं 'व्हय'. कंपनीनं काही नाकारलं नव्हतं. कंपनीकडं काही गेलंच नव्हतं.

तिनं ज्योत बंद केली.

"सा वर्सं," ती म्हणाली, "सा वर्सं मी त्या कंपनीच्या माणसाला तळतळाट दिला, भावजी. त्येच्या लेकराबाळांस्नी." ती उठून आत गेली.

तो कागदावरचा शेंदराचा डाग अंगठ्यानं घासत होता. "शनवारी मी बी बघितलंतं," तो हळू म्हणाला. "देवाला वाकलो तवा. गठ्ठा तितंच हुता. मनात आलं, उचलावा. मग म्हटलं, दादा हाईत की. त्येंचं कागद चुकत न्हाईत."

मी हात जोडले. त्यानं माझ्या हातांकडं बघितलंही नाही.

"माफी मागाय आलासा?"

"न्हाय. पोरांचं... पोरं तुझं ऐकून सही करंनात."

"म्हंजे आता मी बोलायचं? तुमच्यासाठी?" तो पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला. "मी न्हाय बोलणार. शुक्रवारी तालमीत तुमी बोला. समद्यांच्या म्होरं. मी येतो ऐकाय."

शुक्रवारी संध्याकाळी तालीम भरलेली होती. नव्या जर्सी मारुतीच्या पायाशी होत्या. वस्ताद आता नाहीत, त्यांचा फोटो भिंतीवर आहे. मी सांगितलं. काय शब्द वापरले आठवत नाही. कुणीतरी मागून शिवी दिली, ती आठवते.

गोलकीपर दाराशी उभा होता. पुढं आला आणि नवा कोरा फॉर्म माझ्या हातात दिला. "माघारचा तक्ता वाचा."

"मॅच परवा हाय, सर," एक पोरगा चाचरत म्हणाला.

"म्हणूनच. मोठ्यानं वाचा."

मी वाचू लागलो. दोन्ही डोळे. एक डोळा. एक पाय. ह्या वेळी कुणी हसलं नाही. अंगठा. तर्जनी. पुढच्या ओळीवर मी थांबलो.

"वाचा की."

अनामिका, मी वाचलं. करंगळी. त्यानं उजवा हात वर धरला होता, सगळ्यांना दिसेल असा, आणि तक्ता संपेपर्यंत खाली घेतला नाही.

पोरांनी एकेक करून सह्या केल्या. माझ्याकडं कुणी फॉर्म दिला नाही, त्याच्या डाव्या हातात देत गेले. त्यानं गठ्ठा देवापुढं ठेवला नाही. बाहेर येऊन मोटारसायकलला किक मारली. "बसा मागं," म्हणाला. विमा प्रतिनिधीच्या ऑफिसात पोच शिक्का पडेपर्यंत काउंटरला टेकून उभा राहिला. मग त्या प्रतिनिधीकडं वळून म्हणाला, "पावणं, तुमास्नी लई वाईट बोललो आजवर. चुकलं."

मला तिथंच सोडून तो मोटारसायकलवरून निघून गेला. मी शाहूपुरीपर्यंत चालत आलो आणि दुकान उघडलं. त्या दिवसापासून त्याच्या घरचे कागद कुणीतरी दुसराच भरून देतो.