दारं लावून

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की वागळे इस्टेटमधलं लिलावाचं ते गोदाम आठवतं. तेव्हा जुन्या ग्रामोफोनसाठी मी दर लिलावाला जायचो आणि दर वेळी दमून परत यायचो. त्या दुपारी तापलेल्या पत्र्याखाली मला कपाटाएवढा एक ग्रामोफोन मिळाला. त्याचा भोंगा आतच, दोन दारांमागे. आवाज कमी करायचा तर दारं लावायची, दुसरी सोय नाही. तो ज्यांचा होता त्या आजी मुलाबरोबर ठाकुर्लीहून आलेल्या. त्यांची चाळ पाडणार होते, नव्या घरात त्याला जागा नव्हती. मी त्या तेलाचे दोन थेंब सोडले, चावी भरली, दारं उघडली, सुई ठेवली. सनईने गोदाम भरून गेलं. आजी गोंधळल्या. "हा आमचा नाही हो," म्हणाल्या. मुलगा वैतागला, "अगं आई, आपलाच आहे. चल ना आता." तशा त्या पुढे झाल्या, दारं लावली, खाली बसल्या आणि लाकडाला कान लावला. "हां, हाच. सासरे रात्रपाळीचे, दिवसा झोपायचे. आम्ही उघडून कधी वाजवलाच नाही." रेकॉर्ड संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत. मला मात्र वाटलेलं, एवढं चांगलं मशीन आणि जन्मभर कोंडून ठेवलं. आता बाळकुमच्या फ्लॅटमध्ये आतल्या खोलीत बायको औषधांच्या गुंगीत पडलेली असते. दुपारी कधीतरी मी त्या ग्रामोफोनला तेल घालतो, चावी भरतो, दारं लावून घेतो. गुडघे कुरकुरतात, तरी खाली बसतो आणि लाकडाला कान लावतो.