सोमवारचं बीपी

दवाखाना चालवणाऱ्याला गप्पांसाठी विषय शोधावा लागत नाही. सात रस्त्याजवळच्या माझ्या छोट्या दवाखान्यात रोज वीस-पंचवीस जणांच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला जातो. त्यातला एखादा तरी असं काही बोलून जातो, की मी आणि शोभा सिस्टर नंतर चहा पिताना हसत बसतो.

अक्कलकोटकडच्या एका काकूंचं बीपी मी डाव्या हाताचं घेतलं. त्यांनी लगेच उजवा पुढं केला. "कामं समदी ह्यो हात करतोय. डाव्याचं बघून काय कळणार?" दोन्ही हातांचं बघणं चांगलंच असतं, म्हणून मी उजव्याचंही घेतलं. आकडा दोन्हीकडं सारखा आला, तर काकू डाव्या हातावरच रुसल्या.

एक मामा यंत्रमागाचे जुने फिटर. छातीला स्टेथोस्कोप लावला तर म्हणाले, "एकटंच तुमी काय ऐकताय? मलाबी ऐकू द्या की." म्हटलं घ्या. हृदयाच्या झडपा बंद होतात, त्याचे ते दोन ठोके, एवढं समजावलं. मामांनी डोळे मिटून दोन मिनिटं स्वतःचं हृदय ऐकलं, नळी माझ्या हातात दिली आणि चपला घातल्या. "आवाज बरोबर हाय. ऑइलिंगची गरज न्हाय." बीपी बघायचं राहूनच गेलं!

पण गौराबाईंच्या वेळी आम्हाला हसू येत नव्हतं. मोहोळच्या गौराबाई कडक भाकरी करून विकतात. मोतीबिंदूमुळं तवा दिसेना, बोटं भाजायला लागली. डोळ्यांच्या दवाखान्यात ऑपरेशनं सोमवारी व्हायची. दोन सोमवार त्यांना टेबलापासून परत पाठवलं, कारण वरचा आकडा एकशे नव्वद. आणि दोन्ही वेळा मंगळवारी माझ्याकडं बीपी अगदी नॉर्मल! भीतीनं वाढत असेल असं मी धरून चाललो होतो. गौराबाई मात्र खचल्या होत्या. "माझा डोळा ऱ्हातोय वाटतं आता," म्हणाल्या.

शेवटी सिस्टरनी विचारलं, "मावशी, सोमवारी बीपीची गोळी घेता ना?"

"सोमवारी कशी घेऊ? सोमवार असतोय माझा. पोटात मिठाचा खडा न्हाय, मग बीपी कशावर चढंल?"

मी कपाळाला हात लावला. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "सोमवार मीपण करते मावशी. गोळी घेऊनच करते." माझ्या डिग्रीनं जे झालं नसतं ते त्या एका वाक्यानं झालं. तिसऱ्या सोमवारी ऑपरेशन पार पडलं. फोन आला तेव्हा मला खरंच हायसं वाटलं.

आठवड्यानं गौराबाई भाकरीचा गठ्ठा घेऊन आल्या. खुर्चीत बसल्या आणि माझ्याकडं टक लावून बघत राहिल्या.

"काय झालं मावशी? नीट दिसतंय ना?"

"दिसतंय की. आवाजावरनं मला वाटायचं तरणं पोरगं हाय. डोळ्याखाली केवढं काळं झालंय तुमच्या! तुमचं बीपी कोण बघतंय?"

सिस्टर माझ्याकडं बघायला लागल्या. मग त्यांनी पट्टा उचलला आणि माझ्या दंडाला बांधला.

गौराबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "घाबरू नका," म्हणाल्या. "काय निघालंच तर गोळी हाय."