बायकोचं माप

मास्तरांना मास्तर म्हणत, पण शाळेतले नव्हेत, शिलाईचे. बायकांचे कपडे शिवण्यात उभी हयात गेली. मग रेडीमेडनं धंदा बुडवला, दुकानाला कुलूप लागलं आणि साठीला टेकलेला हा माणूस एका मोठ्या मेडिकल दुकानात नोकरीला लागला. काम मापाचंच, पण टेपऐवजी हातात फोन. गिऱ्हाईक अंगाबरोबर बसणारं बनियन घालून पडद्याआड उभं राही, मास्तर फोन धरून त्याच्याभोवती एक फेरी मारत. फोनमध्ये बघावं तर त्या जित्याजागत्या माणसाच्या अंगावर निळी जाळी चढलेली, छातीभोवती उजेडाचा टेप गुंडाळलेला आणि कोपऱ्यात आकडा. त्या आकड्यावर कारखान्यातून पट्टा बनून येई. तो छातीला बांधायचा. आत सेन्सर. काळीज अडखळलं की पट्टा घरच्यांच्या फोनवर बोंब मारणार. अर्थात कातडीला चिकटून बसला तर. सैल असला तर तो नुसता दागिना.

फोन कधी चुकायचाही. कुणी वाकडं उभं राहिलं, मागून उजेड आला, की आकडा भलताच. म्हणून त्यात ‘दुरुस्ती’चं बटण होतं. शंका आली तर टेपनं मोजायचं आणि खरा आकडा हातानं घालायचा. एकदा फोननं एका पहिलवानाला शाळकरी पोरीचं माप दिलं, तेव्हा मास्तर आठवडाभर खुशीत होते. “बघा तुमची हुशार बया!” असं येताजाता मॅनेजरबाईंना ऐकवायचे.

आणि मग त्यांच्याच घरात ती वेळ आली. बायको दोनदा चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, काळीज मध्येच थांबतं, पुन्हा चालू होतं. एखाद्या वेळी होणार नाही. ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत पट्टा लावा आणि बोंब आली की ताबडतोब घेऊन या. मास्तर दिवसभर कामावर, मुलगी लग्न होऊन लांबच्या गावी, घरात ही एकटी. सगळी भिस्त त्या पट्ट्यावर.

मास्तरांनी तिला दुकानात आणलं आणि स्वतः फोन धरला. आकडा आला बत्तीस.

“हॅट्!” मास्तर म्हणाले. “अगं, नीट उभी राहा.”

“नीटच उभी आहे की. आता काय कवायत करू?”

पुन्हा फेरी. पुन्हा बत्तीस.

“डोकं फिरलंय याचं. तू छत्तीस आहेस. लग्नापासून छत्तीस. आपल्या दोघांत छत्तीसचा आकडा आहे तो एवढाच.”

ती हसली. मग जरा थांबून म्हणाली, “अहो, टेप लावून बघा ना एकदा.”

“तुला टेप? अगं, तुझं माप मला झोपेत विचार.”

मास्तरांनी ‘दुरुस्ती’ दाबली आणि छत्तीस घातले. बाई समोर उभी, टेप खणात पडलेला, हात लांब करायचा अवकाश होता. पण नाही! एवढ्या वर्षांचा मास्तर, आणि स्वतःच्या बायकोला टेप लावायचा म्हणजे त्याला कमीपणा वाटला.

पट्टा आला. तिनं बांधला, म्हणाली, “छान बसलाय.” खरं म्हणजे तो बसला नव्हताच. पाठीशी रुमालाची घडी खोचून ती तो कसाबसा ताणून धरायची. नवऱ्याचं माप चुकलं हे त्याच्या तोंडावर सांगणं तिच्या जिवावर आलं. घडी सरकली की पट्टा खाली घसरायचा आणि मास्तरांच्या फोनवर अक्षरं उमटायची, ‘पट्टा काढला आहे’. पहिल्यांदा मास्तरांनी समोरचं गिऱ्हाईक तसंच सोडून फोन केला. “अंघोळीला काढला होता हो,” ती म्हणाली. पुन्हा तेच झालं, पुन्हा अंघोळ. “तू काय बदक आहेस का गं?” म्हणून मास्तर तिच्यावर हसले.

त्या दिवशी दुपारी परत तीच अक्षरं आली. पडद्याआड गिऱ्हाईक उभं होतं. मास्तरांनी फोनकडे पाहिलं, ‘झाली हिची अंघोळ सुरू’ असं मनाशी म्हटलं आणि कामाला लागले.

संध्याकाळी दार उघडलं तर ती स्वयंपाकघरात ओट्याखाली पडलेली. अंग गार. पट्टा कमरेशी, रुमाल बाजूला. मास्तरांनी तिला उचललं आणि तेव्हा त्यांना कळलं, हिच्यात वजनच राहिलेलं नाही. दवाखान्यात नेण्यापुरतं नेलं.

रात्रीच्या गाडीनं मुलगी आली. रडून झालं आणि मग ती खवळली. दवाखान्याच्या व्हरांड्यात मॅनेजरबाई भेटायला आल्या होत्या, त्यांच्यावर ती तुटून पडली.

“तुमच्या त्या फोननं मारलं माझ्या आईला! सैल पट्टा देता? अहो, माझ्या बाबांनी हातानं माप घेतलं असतं ना, तर एका दोऱ्याचा फरक पडला नसता!”

मॅनेजरबाई खाली मान घालून उभ्या राहिल्या. मास्तरांनी फक्त गप्प बसायचं होतं. लेक त्यांचा हात घट्ट धरून उभी होती, आणि आता जगात तेवढीच उरली होती. लेकही तुटली तर आपलं कोण, हा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. पण जीभ काही आवरेना.

“फोन चुकला नाही गं,” ते म्हणाले. “त्यानं दोनदा बत्तीस सांगितलं. मी छत्तीस घातलं. मापच घेतलं नाही मी.”

लेकीचा हात कधी सुटला ते दोघांनाही कळलं नाही.

“बत्तीसच होती आई,” मुलगी म्हणाली. “वर्षभर माझे लग्नाआधीचे कपडे घालत होती घरात. तुम्हीच शिवलेले. फोनवर मला हसून सांगायची, बघू या, तुझ्या बाबांच्या कधी लक्षात येतंय.”