गजाननचं पॅकेज वापरतं कोण?

तीन कॉम्प्युटर आणि एक गजानन असला की किश्श्यांना तोटा नसतो. औंढ्यात प्रसादाच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही तिघं वेबसाइटी बनवतो: मी, संध्याताई आणि गजानन. फावल्या वेळात गजाननने एक पॅकेज लिहिलं. वावराची लांबी-रुंदी टाका, गुंठे घ्या! ते त्याने इंटरनेटवरच्या फुकट भांडारात ठेवलं. ज्याला हवं त्याने आपल्या अ‍ॅपला जोडावं; अ‍ॅप उघडलं की ते तिथून पॅकेज ओढून घेतं.

शिरड शहापूरहून त्याच्या वडिलांनी बजावलं, "दसऱ्यापर्यंत कोणी वापरून राहिलं तर ऱ्हा इथंच. न्हाई तर पुण्याची नौकरी धर!"

गजाननला पुण्याला अजिबात जायचं नव्हतं. त्यामुळे दिवसभर त्याचा डोळा डाउनलोडच्या आकड्यावर.

* * *

आकडा भराभर चढला. गजाननने जिलेबी आणली. फक्त रविवारी, आमची खोली बंद असली की, आकडा जागचा हलत नसे.

संध्याताईंनी छडा लावला. "अरे, लाइट जाऊन आली की आपलेच कॉम्प्युटर पॅकेज परत ओढून राहिले. तू लोडशेडिंगमधी फेमस हायेस!"

जिलेबी तोवर संपली होती.

* * *

मग गजाननने आकड्याकडे बघणंच सोडलं आणि तो स्टारच्या मागे लागला. पॅकेज आवडलं की लोक त्याला स्टार देतात. बहिणीच्या लग्नपत्रिकेत 'आहेर आणू नये'च्या खाली पठ्ठ्याने छापलं, 'स्टार द्यावा'! मांडवाच्या दारात अत्तर लावायचं सोडून हा आपला मोबाईल घेऊन उभा; येईल त्याच्या नावाने खातं उघडायचं आणि स्टार दाबून घ्यायचा.

हट्टा गावचे मामा घाबरले. "हे दाबल्यावर माझं बँकेतलं खातं रिकामं होत न्हाई ना?"

दुसऱ्याच दिवशी भांडारवाल्यांनी सगळे स्टार उडवले. एकाच मोबाईलवरून एवढी माणसं? बनावट! आख्खं वऱ्हाड बनावट ठरलं, नवरदेवासकट.

* * *

संध्याताई म्हणाल्या, "देवळाबाहेरच्या चपला मोजून भक्ती कळती काय? त्यात चपलाचोरबी असतेत."

"पण ताई, माझ्या देवळाबाहेर चपलाबी आपल्याच हायेत!"

त्या दिवशी आम्ही हसलो नाही. पोरगं आतून खचलं होतं आणि मला खरंच वाईट वाटलं.

* * *

दसरा तोंडावर आला. एका सकाळी गजाननने रागाच्या भरात पॅकेज भांडारातून काढून टाकलं आणि पुण्याची बॅग भरायला घेतली.

दुपारी वडिलांचा फोन आला. त्याने स्पीकरवर टाकला.

"गजा, इथं घोळ झाला ना! ट्रॅक्टरवाल्याचं मोजणीचं नवं अ‍ॅप बंद पडलं. किती वावर नांगरलं, कळंना. हट्ट्याच्या ट्रॅक्टरवाल्याचंबी तसंच. कोण्या येड्यानं त्याच्यातलं कायतरी काढून टाकलं म्हणतेत. सगळे त्याच्या नावानं शिव्या देऊन राहिले. मीबी दिल्या!"

गजानन ताडकन उठला. बॅग पायाने बाजूला सारली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बाबा, किती जण शिव्या देऊन राहिले? नीट मोजून सांगा!"