काचेतल्या जनावराची कात

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ही वही कुणी उघडलीच तर माफ करावं.

नवीन जालन्यात मी जिथं धुणंभांडी करते, त्या घरच्या ताईंनी काचेच्या पेटीत बाहेरदेशातला अजगर पाळलाय. रीतसर कागद केलेला. ताई पुण्याला शिकायला गेल्या आणि तो माझ्या गळ्यात पडला. बाई, म्हणजे ताईंची आई, त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. मी त्याला जनावर म्हणते; आमच्याकडे नाव घेत नाहीत. खायला ताई महिन्यातून एकदा येऊन घालायच्या. माझ्याकडे पाणी आणि साफसफाई.

पेटीत दोन गोल घड्याळं, एक गरमीचं, एक ओलाव्याचं. जाताना ताई घाईत म्हणाल्या, "ओलाव्याचा काटा साठच्या खाली आला की पाणी फवारायचं, मावशी. नाहीतर कात अडकते." घड्याळांखाली इंग्रजीत लिहिलेलं. कोणतं कोणतं, हे विचारायची मला लाज वाटली. एकाचा काटा रोज ऐंशीच्या वर असायचा. तेच ओलाव्याचं समजून मी निवांत राहिले. तीन घरची कामं उरकून आल्यावर एक काम कमी, हेही बरंच वाटायचं.

ऐन उन्हाळ्यात जनावराचे डोळे दुधाळ झाले. मग कात निघाली ती कांद्याच्या सालींसारखी, तुकड्यातुकड्यांनी. शेपटीला जुन्या कातडीचं कडं राहिलं, डोळ्यांवरही पापुद्रे राहिले. मी बाईंना सांगितलं. त्यांनी दारातूनच ताईंना फोनवर दाखवलं.

"मावशी, पाणी मारलं नाही का?"

"काटा ऐंशीच्या वर होता ना, ताई."

"कोणता?" मी बोट ठेवलं. "अहो, ते गरमीचं, फॅरनहाइटमधलं! ओलावा बघा, तीसवर आलाय."

बाई म्हणाल्या, "चौथी शिकले म्हणाली होतीस ना?"

"मराठीतून, बाई."

ताई हसल्या. मला हसू आलं नाही. मग त्यांनी बजावलं, "डोळ्यावरचं ओढू नका, डोळा जाईल."

त्यांनी सांगितलं तसं डब्याला भोकं पाडली, आत ओलं कापड पिळून ठेवलं आणि जनावराला पहिल्यांदा हातानं उचललं. जड होतं. माझ्या मनगटाला विळखा घालून गप राहिलं. हळूच सोडवून डब्यात ठेवलं. दोन दिवसांत शेपटीचं कडं सुटलं, एक डोळा मोकळा झाला. दुसरा होईना. शेवटी ताई आल्या आणि आम्ही त्याला संभाजीनगरला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. सगळी वाट डबा माझ्या मांडीवर. डॉक्टरांनी पापुद्रा भिजवून काढला. डोळा शाबूत होता.

डॉक्टरांचे पैसे बाईंनी दिले. "पगारातून थोडे थोडे कापते," म्हणाल्या.

"आई, राहू दे ना."

"कापा," मीच म्हटलं.

ताईंनी एका घड्याळाखाली मराठीत 'ओल' अशी चिठ्ठी चिकटवली. मी रोज बघून फवारते. जास्त झालं तरी पोटाची कातडी सडते, म्हणून खालचं पाणी पुसून घेते. काम वाढलंच. पुढची कात मात्र नाकापासून शेपटीपर्यंत अखंड निघाली, मोजा काढावा तशी.

या महिन्यात बाईंनी शेवटचे कापले. "फिटले गं तुझे सगळे," म्हणाल्या. मी बरं म्हटलं आणि भांडी घासायला बसले.