बायकांचा खेळ

तो बोलपट मला आवडला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्याच्याविषयी जे लिहिलं ते वाचून कुणालाही तसं वाटलं नसतं. आमच्या रत्नागिरीत माझं नाव झालं ते त्याच लिखाणामुळे.

मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. एका साप्ताहिकाच्या छापखान्यात मुद्रितं तपासायचो. वडील कचेरीत शिपाई होते, ते वारल्यावर घरात आई, मी आणि माझी मोठी बहीण एवढेच उरलो. बहिणीला मी बाय म्हणायचो. तिचं लग्न मुंबईत गिरणीत काम करणाऱ्या माणसाशी झालं होतं. लग्नानंतर वर्षभर ती त्याच्याबरोबर राहिली. एका खोलीत त्याच्या गावचे सात-आठ पुरुष राहायचे आणि त्या सगळ्यांचं रांधायचं काम तिच्याकडे होतं. मग एक दिवस त्यानं तिला आगबोटीत बसवून परत पाठवलं. सोबत चिठ्ठी होती. 'हिच्या हाताला चव नाही. खोलीतली माणसं ताटावरून उठतात.' खरं कारण वेगळं होतं. त्यानं दुसरी बाई ठेवली होती, हे आम्हाला नंतर कळलं. पण गावात पसरली ती चवीचीच गोष्ट. तेव्हापासून लग्नाकार्यात बाय मदतीला गेली की तिला भांडी घासायला बसवायचे, चुलीपाशी जाऊ द्यायचे नाहीत. मी मात्र रोज तिच्याच हातचं जेवत होतो आणि त्यात काही कमी आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. तसं मी तिला कधी बोलूनही दाखवलं नाही.

नारळी पुनवेनंतर बोटी सुरू झाल्या आणि त्या बोलपटाची रिळं बंदरावर उतरली. नाटकाच्या जुन्या पत्र्याच्या मांडवात पडदा लावला होता. गोष्ट अशी होती: राजवाड्याच्या मुदपाकखान्यात एक मुलगी असते. एका म्हातारीला तिनं चुकून खारट पेज वाढलेली असते, म्हणून म्हातारी तिला शाप देते. तू रांधशील ते साऱ्या जगाला बेचव लागेल, फक्त ज्याचा तुझ्यावर खरा जीव जडेल त्यालाच गोड लागेल. राजाच्या जेवणात विष आहे की काय हे आधी चाखून बघणारा एक चाकर असतो. तो एके दिवशी तिच्या हातचं वरण चाखतो आणि चाखता चाखता राजाची अख्खी वाटी संपवून टाकतो. मग काय विचारता! पातेली नाचतात, भोपळा गाणं म्हणतो, पुऱ्या फुगून आकाशात जातात आणि चंद्राला चिकटतात.

पहिल्या खेळाला मी होतो. पुढे जमिनीवर बंदरावरची माणसं बसली होती. राजाचं पंचपक्वान्नांचं ताट पडद्यावर आलं तसा एक खलाशी ओरडला, "अरे, राजाच्या ताटात म्हावरा नाय!" आणि सारा मांडव हसला. चाखणारा वाटी चाटूनपुसून संपवतो तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. शेवटी त्या मुलीचा शाप सुटतो तेव्हा माझे डोळे भरून आले होते. मागे खुर्च्यांवर वकील मंडळी होती. त्यांतला एक बाहेर पडताना म्हणाला, "तिकडे लोक तुरुंगात सडतायत आणि हे इकडे पुऱ्या उडवतायत." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी त्यांच्या मागूनच चाललो होतो. मीही मान डोलावली.

बुधवारी आणि शनिवारी दुपारी खास बायकांसाठी खेळ असायचा. असा खेळ आमच्याकडे पहिल्यांदाच ठेवला होता. घरोघरच्या बायका दुपारची भांडी आवरून, पोरं कडेवर घेऊन जायच्या. कोळणी टोपल्या बाहेर ठेवून आत बसायच्या. बाय शेजारणीबरोबर एकदा गेली. मग पुन्हा गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा आई कुरकुरली, पण तिनं ऐकलं नाही. घरी आल्यावर ती त्या भोपळ्याचं गाणं गुणगुणत असे. तिच्या लग्नानंतर तिला गाताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

तिसऱ्या खेळाच्या संध्याकाळी ती पडवीत तांदूळ निवडत होती. मी जवळ बसलो होतो. एकाएकी ती म्हणाली, "तुला एक सांगू? हसू नको."

"नाही हसत."

"तिकडे मुंबयला ते ताट सरकवायचे ना, तेव्हा मला वाटायचं की दोष माझाच हाय. आता वाटतं, नसंल. आता वाटतं, कुठंतरी एक माणूस असंल, ज्याला माझ्या हातचं गोड लागंल. मिळंल न मिळंल. पण असंल." मग तिनं मान खाली घातली आणि सुपातले खडे वेचत राहिली.

मी हसलो नाही. मीही सुपातले दोन खडे वेचून दिले. खरं म्हणजे त्या वेळी बोलायला पाहिजे होतं.

त्याच आठवड्यात संपादकांनी मला बोलावलं. ते सत्याग्रहात तुरुंग भोगून आले होते. खादीच्या जाड सदऱ्यात ताठ बसायचे आणि त्यांच्यासमोर माझी मान आपोआप खाली जायची. त्या बोलपटावर कुणीतरी लिहायला हवं होतं आणि नेहमीचे लेखक आजारी होते. मी दोन पानं लिहून नेली. त्यांत बोलपट गमतीचा आहे, लोकांना आवडतो आहे, गाणी चांगली आहेत, असं होतं. त्यांनी ती उभ्यानंच वाचली.

"हे काय? जाहिरात लिहिलीत की परीक्षण?" ते म्हणाले. "देशाची ही अवस्था असताना असल्या पोरखेळाला कोण जातं आणि का जातं, ते लिहा. यात धार कुठाय?"

मी पानं परत घेतली आणि टेबलाशी जाऊन बसलो. समोर छपाईचे खिळे जुळवणारा माणूस पानात जागा रिकामी ठेवून माझी वाट बघत होता. कोण जातं आणि का जातं. मला उत्तर माहीत होतं. मला एकीचंच उत्तर माहीत होतं आणि तेच मी लिहिलं. भोपळ्याची, पुऱ्यांची टर उडवली आणि शेवटी लिहिलं, की नवऱ्यानं बेचव म्हणून परत पाठवलेली एक अबला हा बोलपट तीनतीनदा पाहते आणि आपल्या हातची आमटी गोड लागेल असा कुणीतरी पुरुष जगात आहे अशी आस धरून बसते. असल्या चित्रांनी आमच्या स्त्रियांच्या मनात काय पेरलं जातंय, याचा घरच्या कर्त्या पुरुषांनी विचार करावा. हे वाक्य लिहून झाल्यावर मला फार बरं वाटलं. ते बांधेसूद झालं होतं.

संपादकांनी वाचलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "आता लेखक झालात," म्हणाले.

अंक निघाला. खाली नुसतं टोपणनाव होतं, पण लिहिणारा कोण हे दुपारपर्यंत साऱ्यांना ठाऊक झालं. न्हाव्याच्या दुकानात तो मोठ्यानं वाचला गेला. कचेरीसमोर मला दोन वकिलांनी थांबवून शाबासकी दिली. पहिल्या दिवशी मी उडत होतो.

दुसऱ्या दिवशी बाय विहिरीवरून आली ती रिकामी कळशी घेऊन. विहिरीवर एकीनं तिला विचारलं होतं, "काय गो, गावला का चाखणारा?" आणि बाकीच्या हसल्या होत्या. तिला काही उमगलं नव्हतं, पण त्यांच्या बोलण्यातून एवढं कळलं की हे सगळं माझ्या छापखान्यातून निघालंय. अंक घरातच होता. ती चौथीपर्यंत शिकलेली. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत तिनं सगळा वाचला. बराच वेळ लागला. मी दारात उभा होतो.

"ह्ये तू लिवलंस?"

"बाय, मी कुणाचं नाव घातलेलं नाही."

"नाव कशाला पायजे? मी ही गोष्ट तुझ्याबिगर कुणाला सांगितली नव्हती."

ती रडली नाही. तिनं अंकाची घडी घातली, होता तिथे ठेवला आणि कळशी घेऊन पुन्हा विहिरीवर गेली, कारण घरात पाणी नव्हतं. आईला वाचता येत नव्हतं आणि बायनं तिला काय सांगितलं ते मला कधीच कळलं नाही.

पुढच्या बुधवारी बायकांच्या खेळाला मोजून आठ-दहा जणी आल्या. शनिवारी त्याही नाहीत. घराघरांत पुरुषांना एक वाक्य मिळालं होतं: तू कुणाच्या आशेनं जातेस बघायला? त्यापुढे कोणती बाई जाणार? बोलपटाच्या मांडवाचा मॅनेजर छापखान्यात आला. भांडायला आला असेल म्हणून मी आत सरकलो. पण तो भांडला नाही. पायरीवर बसून म्हणाला, "पुरुषांचे खेळ चालूच आहेत, गर्दी उलट वाढलीय. तुमचं वाचून लोक मुद्दाम येतात. बायकांचा खेळ तेवढा बंद करतो. दुपारी दोन तास हसायच्या बिचाऱ्या, तुम्हाला काय त्रास होता?" संपादकांनी त्याला चार गोष्टी सुनावल्या आणि तो उठून गेला. पुढे बरीच वर्षं आमच्याकडे बायकांसाठी वेगळा खेळ कुणी ठेवला नाही.

बायचं बाहेर जाणं थांबलं. पाण्याला ती उन्हं चढल्यावर, विहिरीवर कुणी नसताना जायची. महिन्याभरानं तिनं मला एक पत्र लिहायला सांगितलं. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची, त्यातलंच हे एक काम. पत्र तिच्या नवऱ्याला होतं. मला परत न्या, त्या दुसरीबरोबरही मी राहीन, धुणंभांडी करीन, रांधायला सांगू नका. मी लेखणी खाली ठेवली.

"बाय, हे मी नाही लिहिणार."

"माझं म्हणणं तुला लिवता येतं," ती म्हणाली. "लिही."

मी लिहिलं.

त्याचं उत्तर आलं. ये म्हणाला. बोटीच्या दिवशी मी तिचं बोचकं घेऊन धक्क्यावर गेलो. आगबोट बाहेर उभी होती, माणसांना तिच्यापर्यंत पडावातून, म्हणजे लहान होडीतून, न्यायचे. ती पडावात बसली, मी बोचकं खाली दिलं, तिनं ते मांडीवर घेतलं. तिच्या शेजारी नाटे गावाकडची एक म्हातारी बसली होती, तिनं विचारलं, "भाऊस काय गो तुझा?" बायनं "व्हय" म्हटलं. त्या दिवशी तिच्या तोंडून मी ऐकलेला तेवढाच शब्द.

माझं मात्र चांगलं चाललं. दर आठवड्याला अर्धा रकाना मिळू लागला. मी कडक लिहितो असा माझा लौकिक झाला. आवडलेल्या गोष्टीविषयीही वाकडं लिहिता येतं, हे एकदा जमलं की पुढे सोपं जातं. तीन-चार वर्षांनी मला मुंबईच्या एका वर्तमानपत्रात नोकरी मिळाली ती त्याच कात्रणांवर.

मुंबईत गेल्यावर पहिल्या रविवारी पत्ता शोधत मी तिच्या चाळीपाशी गेलो. खालूनच निरोप धाडला. ती जिना उतरून आली. केस पांढरे व्हायला लागले होते, वय तिशीचं. तिनं मला वर बोलावलं नाही. आईची चौकशी केली, घराची कौलं शाकारली का विचारलं. मी सगळं सांगितलं. मग मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं हात वर केला.

"पुन्हा येऊ नको," ती म्हणाली. "हितं मी सांगितलंय की मला म्हायेरचं कुणी नाय."

वरून तिला कुणीतरी हाक मारली. ती आली तशीच घाईनं जिना चढून गेली. दोन वर्षांनी आई गेली, तेव्हा मी तिला तार केली. ती आली नाही, उत्तरही आलं नाही. आईचे दिवस मी एकट्यानं केले.